भुलेश्वरचा गल्ला

चर्नी रोड स्थानकावर उतरून पूर्वेकडे चालू लागले की गिरगाव ओलांडून सी. पी. टँक लागतो आणि तेथून पुढे रस्ता हळूहळू अरुंद होत भुलेश्वरात शिरतो. पहाटे येथील फूलगल्ली ओल्या झेंडूच्या वासाने जागी होते. शेवंती, मोगरा, तुळस आणि बेल यांच्या पाट्या उतरतात. एका ओट्याच्या कडेला बसणारी वयस्क फुलवाली पहिल्या गिऱ्हाइकाने दिलेली वीस रुपयांची नोट कपाळाला लावते आणि कमरेच्या पिशवीत ठेवते. ही तिची बोहनी. तिच्या मागे खिळ्याला क्यूआर कोडचा फलकही टांगलेला आहे. परंतु तो तिच्या मुलाच्या खात्याचा. फलकावर येणारे पैसे मुलाच्या फोनवर जातात, पिशवीत पडणारे तिच्यापाशी राहतात. रोख आणि बिनरोख या चर्चेत सहसा न येणारा हा फरक भुलेश्वरच्या एका ओट्यावर रोज सकाळी दिसतो.

हा परिसर पैशाच्या व्यवहाराला नवखा नाही. भोवती काळबादेवी, झवेरी बाजार, मंगलदास मार्केट आणि मुळजी जेठा मार्केट. गुजरात, कच्छ आणि मारवाडातून आलेल्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या येथे नांदल्या. दर्शनी हुंडी दाखवताच आणि मुदती हुंडी मुदत भरताच सकारली जाई. दूरच्या गावी लिहिलेल्या कागदावर येथे रोकड मोजून मिळे. हुंडीमागे सरकारी शिक्का नसे, पेढीची पत असे. त्या अर्थाने रोकड हाताळल्याशिवाय पैसा एका गावाहून दुसऱ्या गावी नेण्याची विद्या या गल्ल्यांना फोन येण्यापूर्वी कित्येक पिढ्या अवगत होती. रिझर्व्ह बँकेचे मुख्यालय आणि जुनी टांकसाळ येथून पायी अर्ध्या तासाच्या आत आहेत. यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाचे कार्यालयही याच शहरात, वांद्रे-कुर्ला संकुलात आहे.

सकाळी दहानंतर फुलांची जागा इतर माल घेतो. इमिटेशन दागिने, लेस, बांगड्या, पूजेची भांडी, पापड, फरसाण. जवळजवळ प्रत्येक गल्ल्याशेजारी आता एक बोलका डबा ठेवलेला असतो आणि जमा झालेली रक्कम तो मोठ्याने सांगतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा या दुकानांचे गल्ले काही आठवडे ओस पडले. यूपीआय त्याच वर्षी सुरू झालेली होती. जानेवारी २०२० पासून यूपीआय व रुपे डेबिट कार्डाच्या व्यवहारांवर व्यापाऱ्याकडून शुल्क घेणे बंद झाले आणि दहा रुपयांच्या चहालाही फोन पुढे होऊ लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातील यूपीआय व्यवहारांची संख्या दोन हजार कोटींच्या पुढे गेली.

तरीही रोकड नाहीशी झालेली नाही. नोव्हेंबर २०१६ च्या आरंभी देशात सुमारे १७.७ लाख कोटी रुपयांचे चलन होते; मार्च २०२५ अखेर ते त्याच्या दुपटीहून अधिक झाले. दोन्ही आकडे एकाच वेळी वाढतात हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. भुलेश्वरात दिवसभर उभे राहिले की ती विसंगती उरत नाही. दागिन्यांचे बिल फोनवर चुकते करणारे गिऱ्हाईक बाहेर पडताच पाटीवाल्याला पन्नासाची नोट काढून देते. दुकानदार ठोक मालाची रक्कम खात्यातून पाठवतो, पण हातगाडीवाला, माथाडी, चहावाला पोऱ्या आणि झाडूवाली यांना संध्याकाळी रोखीनेच मोकळे करतो. ज्याची कमाई रोजची आणि खर्चही रोजचा, त्याला त्याच दिवशी हातात पडलेली रक्कम लागते. फुलवालीला दुसऱ्या पहाटेचा माल त्याच पिशवीतून घ्यायचा असतो.

येथे रोकडीची भलामण करून थांबणे मात्र अप्रामाणिकपणाचे ठरेल. रोकडीलाही खर्च आहे. ती मोजावी लागते, सांभाळावी लागते, तीत खोटी नोट येऊ शकते; चालू खात्यात ठरावीक मर्यादेपलीकडे रोख भरली तर बँका आकार घेतात. सुट्ट्यांची चणचण तर नेहमीचीच. मोडीऐवजी गोळी हातावर ठेवण्याची रीत दुकानदाराला सोयीची असली तरी गिऱ्हाइकावर अन्याय करणारी आहे. दहा रुपयांची निरनिराळ्या नक्षीची नाणी खोटी समजून नाकारली जातात. वास्तविक ती सर्व वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलेले आहे. उलट खात्यावर दिसणारी उलाढाल लहान विक्रेत्याला कर्जाच्या दारापर्यंत नेऊ शकते. पथविक्रेत्यांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वनिधी योजनेत दहा हजारांचे पहिले कर्ज मिळाले आणि डिजिटल व्यवहारांवर परतावाही ठेवला गेला.

नोंदीला दुसरी बाजूही आहे. जुलै २०२५ मध्ये बेंगळुरूत यूपीआयच्या उलाढालीवरून अनेक लहान दुकानदारांना वस्तू व सेवा कराच्या नोटिसा गेल्या आणि काही दिवसांत दुकानांवर 'फक्त रोख' असे फलक लागले. भाजी व दुधासारख्या करमुक्त वस्तू विकणारेही त्यात सापडले होते. पुढे राज्य सरकारला माघार घ्यावी लागली. त्या फलकांमागे काहींची चुकवेगिरी असेल, परंतु बहुतेकांची भीती होती. ज्याच्यापाशी हिशेबनीस नाही, त्याला खात्यात आलेली रक्कम म्हणजे नफा नव्हे, हे अधिकाऱ्यापुढे मांडता येत नाही. व्यापारी घराण्यांनी यातून घ्यावयाचा धडा रोकडीमागे लपण्याचा नाही. राज्याच्या नियमांचे उल्लंघन, म्हणजे विरुद्धराज्यातिक्रम, हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार मानला गेला आहे. एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख वा अधिक रोख स्वीकारता येत नाही आणि एका दिवसात एकाला दहा हजारांहून अधिक रोखीने दिलेला धंद्याचा खर्च सर्वसाधारणपणे वजावटीस पात्र ठरत नाही. गल्ल्यात आलेला प्रत्येक रुपया रात्री रोजमेळात उतरला, तर रोख व्यवहारही तितकाच स्वच्छ असतो.

दुपारी पांजरापोळच्या प्रवेशद्वाराशी गर्दी कमी होते. १८३४ मध्ये जमशेदजी जीजीभाई आणि शहरातील शेठियांच्या पुढाकाराने स्थापन झालेली ही संस्था दाट वस्तीच्या मधोमध आजही गाई सांभाळून आहे. आत येणारा माणूस चाऱ्याची पेंढी घेतो, पैसे देतो आणि गाईपुढे धरतो. जवळच्या देरासरातील भंडाराच्या पेटीतही अशीच एखादी घडी घातलेली नोट पडते. कोणी टाकली, किती टाकली, हे पेटीला ठाऊक नसते. फोनवरून दिलेल्या दानाला नाव चिकटते, पावती मिळते, करसवलतही मिळते. दोन हजारांहून अधिक रोख दानाला ती मिळत नाही. मोठ्या देणगीला पावती असणे योग्यच आहे. पण गुप्तदानाची जुनी रीत पाळावयाची असेल, तर तिला अजून रोकडीखेरीज दुसरे साधन सापडलेले नाही.

संध्याकाळी सहाच्या सुमारास गल्लीत माणसाला माणूस लागतो. अशा वेळी कधी नेटवर्क बसते. फोनच्या पडद्यावर चक्र फिरत राहते, डबा गप्प असतो, आणि पैसे कापले गेले पण पोचले नाहीत अशी हुज्जत दोन-तीन दुकानांत एकाच वेळी सुरू होते. मोठा दुकानदार ओळखीच्या गिऱ्हाइकाला सांगतो, "उद्या द्या, शेठ." त्याला ते परवडते. फुलवालीला परवडत नाही. अडकलेले चाळीस रुपये परत खात्यात आले की नाही, हे तिला मुलगा घरी आल्यावरच कळणार.

अशाच एका संध्याकाळी हारासाठी थांबलेली गृहिणी फोन हातात घेऊनही क्षणभर थबकते आणि विचारते, "मावशी, रोख देऊ की फोनवरून?"

"रोख असेल तर बरं, ताई."

पर्सच्या आतल्या कप्प्यातून दहा-दहाच्या चार नोटा निघतात. फुलवाली त्या न मोजता पिशवीत ठेवते आणि हाराबरोबर तुळशीच्या दोन काड्या जास्त घालते.

भुलेश्वराला जाणाऱ्याने फोन अवश्य न्यावा. मोठी खरेदी, बिल आणि नोंद यांसाठी तो सोयीचा आहे. त्याबरोबर दहा, वीस आणि पन्नासाच्या थोड्या नोटाही न्याव्यात. पैसे कोणत्या रूपात हवेत, हे लहान विक्रेत्याला एकदा विचारण्यास काहीच लागत नाही. काळबादेवीला आता भुयारी मेट्रोचे स्थानक झाले आहे. तेथून वर आले की बाजार समोरच असतो. रात्री उशिरा दुकानांची दारे अर्ध्यावर ओढली जातात, आत दिव्याखाली रोजमेळ लिहिला जातो, आणि रोकड शिल्लक जुळल्याशिवाय गल्ल्याला कुलूप लागत नाही.