कार्ड गेलेलं नव्हतं
वायफाय दिसलं नाही की ‘कार्ड गेलं, नवीन घ्या’ असा निकाल लोक फार लवकर देतात. आपाच्या जुन्या डेस्कटॉपवर डेबियन 11 टाकल्यावर हेच ऐकलं. भाचीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला दोन दिवस उरलेले.

एलएसपीसीआयच्या यादीत कार्ड होतं. आरएफकिलमध्ये ते बंदही नव्हतं. डीमेसेजने खरं दुखणं सांगितलं: फर्मवेअरची फाइल सापडत नाही. म्हणजे कार्ड धडधाकट, ड्रायव्हर हजर. कार्डाच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम तेवढा नाही. तो मुक्त नसल्याने 2023 मध्ये बारावी आवृत्ती येईपर्यंत डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नसायचा. तत्त्व मला पटतं. पण नेट मिळवायला आधी नेट हवं, हे एकच फोन असलेल्या घराला कसं समजवायचं?

तोच फोन यूएसबी केबलने जोडला, ‘नॉन-फ्री’ विभाग सुरू केला, फर्मवेअर उतरवलं. अर्ज भरला जात होता तेव्हा आपा निवांत फोनवर बोलत होती.