गुहागरच्या ओटीवरची रात्र

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे गुहागरला पोहोचलो, तेव्हा दिवस कलला होता. पश्चिमेकडच्या घरांमागे नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांच्या शेवटी सुरूची झाडे आणि पुढे समुद्र. माझ्या मावसबहिणीचे घर याच अंगाला, व्याडेश्वराच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. तिचा सात वर्षांचा नातू पुण्याहून सुट्टीला आला होता. खरे तर मी त्याच्यासाठीच गेलो होतो, आणि मन थोडे खजील होते.

दिवाळीनंतर त्याची आई त्याला माझ्या दवाखान्यात घेऊन आली होती. वर्गात लक्ष नाही, सारखी चिडचिड, सकाळी उठवताना रडारड. मी वजन केले, पापणी ओढून फिकेपणा पाहिला आणि लोहाचे औषध लिहून दिले. तो केव्हा झोपतो, कसा झोपतो, हे विचारलेच नाही. बाहेर रुग्णांची रांग होती, पण ती सबब झाली.

त्या संध्याकाळी ओटीवर ते विचारले. पुण्यात रात्रीचे जेवण दहाला, मग दूरदर्शन, मग आईचा मोबाइल. डोळा लागायला साडेअकरा. २०२४ पासून राज्यात चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय झाला. मुलांची झोप पुरी व्हावी, हाच त्यामागचा हेतू. या घरात मात्र शाळा पुढे गेली तशी रात्रही पुढे सरकली. सातला उठणाऱ्या मुलाची झोप साडेसात तास. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास लागतात. अपुरी झोप झालेला मोठा माणूस पेंगतो. मूल मात्र अनेकदा उलट अधिकच धावते, हट्ट करते, म्हणून झोपेची शंका कोणाला येत नाही.

गुहागरला मे महिन्यात सातच्या सुमारास सूर्य समुद्रात उतरतो. त्या दिवशी पाठोपाठ वीजही गेली. कंदिलाच्या उजेडात कुळथाचे पिठले-भात झाला आणि साडेआठला मुलाच्या पापण्या जड झाल्या. अंधार पडला की मेंदूतली एक लहानशी ग्रंथी मेलाटोनिन स्रवू लागते आणि शरीर झोपेकडे वळते. डोळ्यांवर पडणारा उजेड तिला रोखतो. आपल्या वयात डोळ्यातले भिंग पिवळसर झालेले असते, बाहुलीही आकसते. मुलाचे भिंग स्वच्छ आणि बाहुली मोठी. आजीला मंद वाटणारा पडद्याचा उजेड नातवाला लख्ख असतो. (वीज रोज जावी, असे मात्र मी म्हणणार नाही, पंख्यावाचून मला स्वतःला झोप लागत नव्हती.)

म्हणूनच पहाटे साडेतीनला मी जागा होतो. मच्छरदाणीत मूल घोरत होते. मान मागे टाकलेली, तोंड उघडे, केस घामाने भिजलेले. ताई नेहमीप्रमाणे उठून जपाला बसली होती.

"किती गाढ झोपलाय बघ," ती म्हणाली. "घोरण्यात अगदी आजोबांवर गेलाय."

इतक्यात घोरणे थांबले. छाती वरखाली होत होती, पण नाकातोंडातून हवेचा आवाज येईना.

"ताई, मणी मोज."

माळेचे नऊ मणी सरकले. मग मोठा आचका देऊन त्याने श्वास घेतला आणि कूस बदलली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. ताई काही बोलली नाही. मच्छरदाणीत हात घालून तिने त्याच्या पाठीवर ठेवला.

घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे. नाकाच्या मागे, घशाच्या वर अ‍ॅडेनॉइड नावाची ग्रंथी असते. साधारण तीन ते सात या वयात ती मोठी असते. ती किंवा टॉन्सिल फार वाढले की झोपेत श्वासाची वाट अडते, मेंदू दचकून जागा होतो आणि रात्रभर झोपेचे तुकडे होतात. मूल रोज घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, झोपेत खूप घामेजत असेल, सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगावे. मधेच श्वास थांबत असेल, तर थांबूच नये. रात्री दोन-तीनदा उठणाऱ्या आजी-आजोबांना हे जितके दिसते, तितके दिवसभर थकून झोपलेल्या आईवडिलांना दिसत नाही. मी त्याच्या झोपेचे दोन मिनिटांचे चित्रण केले. मोबाइलचा तेवढा एक उपयोग झाला.

आठवडाभर नऊच्या आत झोपल्यावर तो आपणहून साडेसहाला उठू लागला, चिडचिडही उणावली. घोरणे मात्र तसेच राहिले. समुद्राची हवा तिथे कामाची नव्हती. पुण्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांनी चित्रण पाहिले, क्ष-किरण तपासणी केली. अ‍ॅडेनॉइड बरेच वाढलेले निघाले. नाकात फवारायचे औषध काही आठवडे देऊन पाहिले. फरक थोडाच पडला. आता दिवाळीच्या सुट्टीत शस्त्रक्रिया ठरली आहे.

त्यासाठी ताई पुण्याला येणार आहे. फोनवर तिने मला इतकेच विचारले, "जपमाळ आणू ना रे?"