घरांतलें सोनें आणि दिल्लीचा हिशेब

गृहिणीच्या पेटींतल्या सोन्याला ‘निद्रिस्त धन’ म्हणण्याची अर्थशास्त्र्यांना मोठी हौस. हें सोनें शेत पिकवीत नाहीं, यंत्र चालवीत नाहीं. उलट तें बाहेरून आणण्यांत देशाचें परकीय चलन खर्चीं पडतें, असा त्यांचा आक्षेप. तो अगदींच खोटा आहे असें मी म्हणणार नाहीं. पण ज्या काळीं बाईच्या नांवावर जमीन नसे, पेढीवर खातें नसे, त्या काळीं तिच्या हातागळ्यांतलें सोनें एवढेंच काय तें तिच्या मालकीचें. अडचणीच्या वेळीं कोणाच्या सहीवांचून तें मोडतां अगर गहाण ठेवतां येई. याला निद्रा म्हणावयाचें कीं पहारा?

१९६२ सालीं चीनशीं युद्ध जुंपलें आणि दिल्लीची दृष्टि या पेट्यांकडे वळली. प्रथम साडेसहा टक्के व्याजाचे सुवर्णरोखे निघाले. सोनें सरकारांत भरावें व रोखा घ्यावा. मात्र सोन्याचा भाव धरला आंतरराष्ट्रीय, म्हणजे दहा ग्रॅमला ५३ रुपये ५८ पैसे. आणि आपल्या बाजारांत तेंच सोनें याच्या दुपटीच्या घरांत विकलें जात होतें! लोकांनीं पेट्या उघडल्या नाहींत यांत नवल तें काय? मग जानेवारी १९६३ मध्यें सुवर्णनियंत्रणाचे नियम आले. यापुढें १४ कॅरटांहून अधिक कसाचा दागिना घडवावयाचा नाहीं. आपले दागिने बहुधा २२ कॅरटांचे. १४ म्हणजे शेंकडा ५८ भाग सोनें आणि उरलेलें तांबें-रुपें. सोनें हिणकस झालें कीं बायकांची हौस आपोआप ओसरेल, अशी ती कल्पना!

त्याच वैशाखांत आमच्या आत्येसासूबाईंचें लग्न होतें. आजेसासूबाईंच्या जुन्या पाटल्या मोडून लेकीच्या मापाच्या करावयाचें ठरलें होतें. घरचे सोनार तीन पिढ्यांचे. त्यांच्याकडे डाग टाकतांना कोणीं कधीं पावती मागितली नव्हती. पाटल्या हातांत घेऊन त्यांनीं पुष्कळ वेळ उलटसुलट पाहिल्या आणि परत दिल्या. “वहिनी, या आटवल्या तर मला त्यांत तांबें घालावें लागेल. तेवढें माझ्या हातून करवूं नका.” पाटल्या तशाच लेकीच्या हातीं गेल्या. त्या सैल होत, म्हणून त्यांच्यापुढें एक घट्ट बांगडी घालावी लागे. सोनारांच्या मुलानें पुढें शाळेंत कारकुनी धरली. हें एका घराचें झालें. देशभर लाखों कारागिरांच्या फुंकण्या थंडावल्या, आणि कित्येक सोनारांनीं जीव दिल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊं लागल्या.

हौस मात्र जेथल्या तेथें राहिली. उघड्या बाजारांत माल मिळेनासा झाला कीं तो चोरवाटेनें येतो. बाहेरचा भाव व येथला भाव यांतलें अंतर हीच चोरट्याची मजुरी; तें जितकें मोठें तितका त्याला हुरूप. दुबईहून निघालेलीं गलबतें आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागूं लागलीं तीं या मजुरीसाठीं. फ्रीडरिख हायेक यांनीं १९४५ सालच्या एका निबंधांत असें मांडलें आहे कीं, व्यवहाराचें ज्ञान कोणा एका कचेरींत गोळा होत नाहीं. तें असंख्य माणसांजवळ थोडथोडें विखुरलेलें असतें, आणि बाजारभाव तें एकाचें दुसऱ्यास कळवितो. घरांत सोनें किती व कां ठेवावें, हें अशाच ज्ञानांत मोडतें.

१४ कॅरटांची अट १९६६ सालीं सुटली, पण १९६८ च्या कायद्यानें जाळें अधिकच घट्ट विणलें. सामान्य माणसानें लगड बाळगावयाची नाहीं, सोनारानें ठराविक वजनापलीकडे सोनें जवळ ठेवावयाचें नाहीं, व्यापाऱ्यास परवाना. तो कायदा रद्द झाला १९९० सालीं, आणि तोहि मधु दंडवते यांच्यासारख्या समाजवादी अर्थमंत्र्याच्या हातून! पुढच्याच वर्षीं परकीय चलनाची गंगाजळी आटली, तेव्हां रिझर्व्ह बँकेनें सुमारें ४७ टन सोनें परदेशीं तारण ठेवून बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडून सुमारें ४० कोटी डॉलर उचलले. आजेसासूबाईंनीं संकटांत पाटल्या गहाण टाकल्या असत्या, त्यांत आणि यांत मला फरक दिसत नाहीं.

बाजाराला सर्वस्वीं मोकाट सोडावें, असें मात्र माझें म्हणणें नाहीं. २२ कॅरट म्हणून विकलेलें सोनें खरोखर २२ चें आहे कीं नाहीं हें सरकारनें अवश्य पाहावें, आणि २०२१ सालापासून हॉलमार्क टप्प्याटप्प्यानें सक्तीचा झाला तें मला पसंत आहे. पण आयातीवरील जकातीची जुनी खोड कांहीं सुटत नव्हती. ती १० टक्क्यांवर नेतांच २०१३ सालीं चोरट्या आयातीनें पुन्हां डोकें वर काढलें. आणि १५ टक्क्यांपर्यंत चढलेली ती जकात जुलै २०२४ मध्यें ६ टक्क्यांवर आणतांना चोरटा व्यापार मोडावा, हेंहि एक कारण होतें.