गोठ्यातील जीप

माझे आजोळ मालेगाव तालुक्यात, गिरणा नदीच्या बाजूला आहे. तेथील जुन्या घराच्या मागे एक गोठा होता. गुरे केव्हाच विकली गेली होती. गोठ्यात कडब्याच्या पेंढ्या, मोडक्या खाटा आणि रिकामी पिंपे यांचा ढीग साठला होता. त्या ढिगाखाली नानांची जीप उभी होती. नानांचे निधन 2003 साली झाले. त्यानंतर ती कोणी सुरू केली नाही. हळूहळू घरचे लोक तिला विसरले. लहान भावंडांना तर तो कडबा रचण्याचा ओटाच वाटे.

दोन वर्षांपूर्वी घराची वाटणी करायचे ठरले. गोठा पाडायचा होता. बडे मामूंचा मुलगा आणि मी असे दोघांनी मिळून दोन दिवस ढीग उपसला. जीपचे छत कुजून गेले होते. चारही चाके मातीत रुतली होती. हवा गाळण्याच्या डब्यात उंदरांनी घर केले होते आणि बैठकीखाली गांधीलमाश्यांचे पोळे होते. पण लोखंड मजबूत होते. समोरच्या जाळीत नऊ उभ्या फटी होत्या. पुढे मला कळले, की ही युद्धकाळातील जीपची खूण आहे. नंतरच्या नागरी जीपला सात फटी असतात. आतल्या फळीवर धातूची एक लहान पट्टी होती. ती घासल्यावर 1944 हा आकडा दिसला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सुमारे साडेसहा लाख जीपगाड्या तयार केल्या. त्यांतील अनेक गाड्या सैन्याबरोबर भारतात आल्या. युद्ध संपल्यावर त्या परत नेण्याऐवजी येथेच लिलावात विकल्या गेल्या. अशीच एक गाडी एका ठेकेदाराने घेतली आणि त्याच्याकडून ती नानांनी 1962 साली विकत घेतली.

मात्र आमच्यासमोर उभी असलेली जीप सैन्यातील जीपसारखी दिसत नव्हती. तिचा मागचा भाग दीड फूट लांब होता. पत्र्याला जागोजागी जोड होते. बोनेट उघडले तर आत डिझेलचे इंजिन! हे सारे कोणी केले आणि का केले? उत्तर एकच माणूस देऊ शकत होता. मालेगावातील ज्या मिस्त्रींनी हे काम केले, ते हयात होते. वय ऐंशीच्या पुढे. सारे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी गॅरेज मुलांवर सोपवले आहे. जीपचे नाव काढताच ते म्हणाले, “ती अजून आहे? मला घेऊन चल, बेटी.”

गोठ्यासमोर खुर्ची टाकून उस्ताद बसले आणि एकेक गोष्ट सांगू लागले. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेलाचा पुरवठा आखडता घेतला. काही महिन्यांत जगाच्या बाजारात तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. नानांची जीप पेट्रोलवर चाले आणि पेट्रोल फार पिई. ती विकून टाकावी, असे नानांच्या मनात आले. पण त्या काळी आजूबाजूच्या गावांत दुसरे वाहन नव्हते. रात्री-अपरात्री कोणी आजारी पडले, एखादी बाई अडली, साप चावला, की लोक नानांच्या दारात येत. तेव्हा 1976 साली उस्तादांनी जीपमध्ये डिझेलचे जुने इंजिन बसवले.

मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून हे काम किती अवघड असेल याची मला कल्पना आली. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगीने इंधन पेटते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. तेथे हवा इतकी दाबली जाते, की ती अतिशय तापते आणि तिच्यात डिझेलचा फवारा उडताच तो पेट घेतो. हा दाब सोसण्यासाठी इंजिन जाड आणि जड करावे लागते. म्हणून उस्तादांनी पुढच्या कमानींत एकेक पाटा वाढवला आणि इंजिनाखालचे आधार नव्याने घडवले. मागचा भाग लांब केला तो रुग्णाला आडवे झोपवता यावे म्हणून. प्रत्येक जोडामागे एक गरज होती.

मग दुरुस्ती सुरू झाली. उस्तादांचे हात कापतात, त्यामुळे ते सांगत आणि आम्ही करत असू. इंजिन जाम झाले होते. आम्ही नोझल काढून त्यांच्या छिद्रांतून पातळ तेल आत सोडले. रोज सकाळी मोठा पाना लावून इंजिन फिरवण्याचा प्रयत्न करायचा, जोर मात्र करायचा नाही, अशी उस्तादांची ताकीद होती. चार दिवस काहीच हलले नाही. पाचव्या दिवशी पाना बोटभर सरकला. उस्तादांनी डोळे मिटून “अल्हम्दुलिल्लाह” म्हटले. त्यानंतर टाकीतील गंज काढला, नळ्या बदलल्या, डिझेलच्या वाटेतील हवा काढली. तीन आठवड्यांनी भरपूर धूर सोडून जीप सुरू झाली. नानी ओसरीवर बसल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “आवाज तोच आहे.”

खरा प्रश्न यानंतर उभा राहिला. या गाडीचे आता काय करायचे?

गाडी सुरू होण्याआधीच भंगारवाला येऊन गेला होता. वजनावर तो तीस-पस्तीस हजार रुपये द्यायला तयार होता. मग पुण्याहून जुन्या गाड्यांचे एक संग्राहक आले. सज्जन माणूस. नऊ फटी आणि 1944 ची पट्टी पाहून त्यांनी चार लाख ऐंशी हजार रुपये देऊ केले. गाडी ते मूळ रूपात आणणार होते. म्हणजे मागचा दीड फूट कापायचा, डिझेलचे इंजिन काढून तिच्या जातीचे पेट्रोल इंजिन शोधायचे आणि सैन्याचा हिरवा रंग द्यायचा. त्यांनी कारणही सांगितले. 2021 साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचा नियम केला. अशा गाडीच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. पण तिची चासी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. आमची जीप त्या अटीत बसत नव्हती.

छोटे मामूंच्या यंत्रमागांवर कर्ज होते. त्यांना पैशांची नड होती आणि त्यांनी ती लपवली नाही. “आठवणींनी हप्ते फिटत नाहीत,” असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. मी उस्तादांना विचारले. मला वाटले, ते गाडी ठेवा म्हणतील. पण ते म्हणाले, “विका, बेटी. घर आधी, गाडी नंतर. फक्त कापायची असेल तर माझ्यासमोर कापू नका.”

त्याच सुमारास अमेरिकेतील ‘हॉट रॉड’ मोटारींविषयी एक लेख माझ्या वाचनात आला. 1930 च्या सुमारास आणि त्यानंतर दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या, स्वस्त फोर्ड गाड्या विकत घेत. त्यांचे पंखे, म्हणजे चाकांवरचे पत्रे, काढून टाकत, गाडी हलकी करत, इंजिनात सुधारणा करत आणि कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या सपाट जमिनीवर शर्यती लावत. प्रतिष्ठित लोकांना हा प्रकार आवडत नसे. चांगली गाडी कापून बिघडवली, असे त्यांना वाटे. पुढे अशा कितीतरी गाड्या अडगळीत पडल्या. पण कॅलिफोर्नियात पेबल बीच येथे जुन्या मोटारींचे जे मोठे प्रदर्शन भरते, त्यात 1997 साली प्रथमच हॉट रॉड गाड्यांना स्वतंत्र वर्ग मिळाला. त्या वर्गात पहिला क्रमांक आला डोन स्पेन्सर या कारागिराने घडवलेल्या 1932 च्या फोर्ड गाडीचा. तिची दुरुस्ती करताना तिला कारखान्यातील रूपात नेले नव्हते. स्पेन्सर यांनी तिला जे रूप दिले, तेच जपले होते.

हे वाचून माझ्या मनातील गोंधळ दूर झाला. अमेरिकेतील त्या तरुणांना वेग हवा होता, आमच्या उस्तादांना रुग्ण दवाखान्यात पोहोचवायचा होता. हेतू वेगळे, पण दोन्हीकडे कारखान्याच्या कामावर एका कारागिराने आपले काम चढवले होते. मग ‘मूळ रूप’ कोणते? 1944 सालची जीप लाखोंपैकी एक होती. 1976 सालची जीप जगात एकच आहे. तिचा मागचा भाग कापला, तर उस्तादांची विद्या आणि नानांनी केलेली सेवा या दोन्हींची खूण पुसली जाणार होती.

मी हे सर्व घरच्या बैठकीत मांडले. बडे मामू म्हणाले, “ठीक आहे. पण छोट्याचा हक्क बुडता कामा नये.” मग संग्राहकांनी सांगितलेली किंमत धरून हिस्से काढले. शरीयतप्रमाणे नानींचा आठवा भाग, म्हणजे साठ हजार रुपये. उरलेल्या चार लाख वीस हजारांत दोघा मामूंचे प्रत्येकी एक लाख चाळीस हजार आणि अम्मी व खाला यांचे प्रत्येकी सत्तर हजार. नानी, अम्मी आणि खाला यांनी आपला हिस्सा खुशीने सोडला. छोटे मामूंचा हिस्सा मात्र रोख द्यायचा होता. त्यातील एक लाख बडे मामूंनी दिले, चाळीस हजार मी माझ्या बचतीतून दिले. छोटे मामूंनी पैसे मोजून घेतले आणि जीपसाठी नवे ताडपत्रीचे छत स्वतः शिवून आणले.

संग्राहकांना नकार कळवला. त्यांना वाईट वाटले, पण गंज पुन्हा चढू नये म्हणून काय करावे, हे त्यांनी फोनवर समजावून सांगितले.

नाना कागदपत्रांच्या बाबतीत काटेकोर होते. डिझेलच्या इंजिनाची नोंद त्यांनी त्याच वर्षी नोंदणी पुस्तकात करून घेतली होती. त्या आधारावर नूतनीकरणासाठी अर्ज केला आहे. ते काम पूर्ण होईपर्यंत जीप रस्त्यावर न्यायची नाही, हे ठरले आहे. ती आवारातच चालते आणि आवारातच थांबते.

मागच्या हिवाळ्यात मी नववीच्या मुलामुलींना ती पाहायला नेले. उस्ताद आले होते. पुस्तकात इंजिनाची आकृती पाहिलेली मुले प्रथमच इंजिनावर हात ठेवून पाहत होती. एका मुलीने विचारले, “उस्ताद, हे सगळे तुम्ही कोणत्या कॉलेजात शिकलात?” उस्ताद हसले. म्हणाले, “गाडी बिघडायची आणि रुग्ण वाट पाहायचा. तेच माझे कॉलेज.”

मुलांनी जीपसाठी पत्र्याची एक पाटी रंगवली. तिच्यावर कोणते साल लिहायचे, यावर बराच वाद झाला. शेवटी दोन्ही साले लिहिली. ‘बांधणी 1944, अमेरिका. पुनर्बांधणी 1976, मालेगाव.’ वरच्या ओळी उर्दूत आहेत आणि खालच्या मराठीत. पाटीच्या एका कोपऱ्यात मुलांनी उस्तादांचे नावही लिहिले आहे.