कंपनी म्हणजे नेमके कोण?

'पाव' आणि 'कंपनी' हे दोन शब्द एकमेकांच्या नात्यातले आहेत, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. लॅटिनमध्ये भाकरीला 'पानिस' म्हणत. त्याचेच पोर्तुगीज रूप पश्चिम किनाऱ्यावर उतरले आणि मराठीत 'पाव' होऊन राहिले. त्याच 'पानिस'ला 'सह' या अर्थाचा 'कोम' जोडून सोबतीने भाकरी खाणाऱ्याला एक नाव मिळाले आणि त्यातून फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'कंपनी' आली. तिचा जुना अर्थ एवढाच: संगत, सोबत, मंडळी.

संगतीचे प्रकार अनेक, तसे या शब्दाचे अर्थही अनेक झाले. लंडनमधील कापडवाले, सोनार, मासळीवाले यांचे संघ स्वतःला कंपनी म्हणवीत. जहाजावरचा सारा खलाशीवर्ग ही जहाजाची कंपनी. शेक्सपिअर ज्या नाटकवाल्यांबरोबर काम करी, तीही कंपनीच. चौदाव्या शतकात इटलीच्या नगरराज्यांकडून पैसे घेऊन लढणाऱ्या भाडोत्री टोळ्याही याच नावाने ओळखल्या जात. जॉन हॉकवुड या इंग्रज सरदाराची 'व्हाइट कंपनी' त्यांतली प्रसिद्ध. पुढे एका कप्तानाच्या हाताखालच्या पायदळ तुकडीला हेच नाव कायमचे चिकटले. व्यापारी आणि शिपाई एकाच शब्दाखाली नांदू लागले ते असे.

३१ डिसेंबर १६०० रोजी राणी एलिझाबेथने ज्या सनदेवर शिक्का उठवला, तीत पूर्वेच्या व्यापाराचा हक्क लंडनच्या 'गव्हर्नर आणि कंपनी'ला दिला होता. या जोडनावात कंपनी म्हणजे दुकान नव्हे आणि पेढीही नव्हे. गव्हर्नर सोडून उरलेली सारी मंडळी, म्हणजे भांडवल घालणारे २०० हून अधिक सभासद. १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने मुंबई बेट वर्षाला १० पौंड खंडाने या मंडळींच्या हवाली केले. बेटावरचे राजाचे सैनिकही त्यांच्याच चाकरीत आले. आता व्यापाऱ्यांच्या कंपनीपाशी शिपायांच्या कंपन्या होत्या.

१६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झिंडेन नजराणा घेऊन आला, तेव्हा तो कोणाचा वकील हे सांगायला अडचण नव्हती. मुंबईकर इंग्रजांचा. खरा पेच पडला शंभर वर्षांनी.

नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर गादीवर हक्क सांगणाऱ्या रघुनाथरावाशी मुंबईकरांनी मार्च १७७५ मध्ये सुरतेस तह केला. पण १७७३ च्या कायद्याने युद्ध आणि तह यांबाबत मुंबईवर देखरेख ठेवण्याचा अधिकार कलकत्त्याला मिळाला होता. कलकत्तेकरांनी सुरतेचा तह रद्द ठरवला, कर्नल अप्टन याला पाठवले आणि १ मार्च १७७६ रोजी पुण्याच्या कारभाऱ्यांशी पुरंदरचा तह केला. तो होतो न होतो, तोच लंडनच्या संचालकांचे पत्र येऊन धडकले: त्यांना मुंबईकरांचे करणे पसंत होते! मुंबई, कलकत्ता आणि लंडन. तिघांच्याही कागदांवर नाव एकच, आणि एकाने केलेला करार दुसऱ्याला बांधून घेईलच असे नाही. यातले किती ठरवून आणि किती केवळ अंतरामुळे, यावर वाद घालता येईल. पुण्याच्या पदरी पडणारे फळ दोन्हींत सारखेच होते.

जानेवारी १७७९ मध्ये हे उघडे पडले. रघुनाथरावाला घेऊन सुमारे ४,००० ची मुंबईकर फौज बोरघाट चढून आली. सोबत १९,००० बैल; एवढ्या लटांबरासह ती रोज किती सरकणार? तळेगावाहून तिला मागे फिरावे लागले आणि वडगावापाशी ती पुरती कोंडली गेली. महादजी शिंदे आणि नाना फडणवीस यांनी अटी घातल्या: रघुनाथराव हवाली करावा, १७७३ पासून घेतलेला साष्टीसह सारा मुलूख परत द्यावा, बंगालकडून येणारी फौज थांबवावी. फौजेबरोबर आलेल्या समितीला असा तह करण्याचा अधिकार नाही, ही गोष्ट बोलण्यातच निघाली होती. तरी सह्या झाल्या, दोन इंग्रज ओलीस राहिले आणि फौज सुटून गेली. ती सुखरूप पोहोचल्यावर मुंबईने तह नाकारला, कलकत्त्यानेही नाकारला. साष्टी परत मिळाली नाही ती नाहीच.

याला मराठ्यांचे भोळेपण म्हणण्याची एक रीत पडली आहे. ती न्याय्य नाही. नाना फडणवीसांच्या जगात तहाच्या पलीकडच्या बाजूला निजाम असे, हैदर असे, भोसले असत. शब्द मोडला तर कोणी मोडला हे कळे. इथे पलीकडे होती एक मंडळी, जिचे सभासद सहा-सहा महिन्यांच्या प्रवासाच्या अंतरावर होते आणि जिच्या वतीने बोलणारा प्रत्येक जण उद्या म्हणू शकत होता की तो मी नव्हेच. १७८२ च्या सालबाईच्या तहात मात्र डाव निराळा पडला. वाटाघाटी कलकत्त्याच्या माणसाशी झाल्या आणि दोन्ही पक्षांनी तह पाळावा यासाठी महादजी स्वतः जामीन राहिले. अनेक चेहऱ्यांच्या त्या नावापुढे एका ओळखीच्या माणसाचा शब्द उभा करावा लागला.

मराठीने या शब्दाला आपलेसे करताना त्याचे 'कुंपणी', 'कुंपिणी' केले. त्याचा शेताच्या कुंपणाशी व्युत्पत्तीने काडीचा संबंध नाही. तरीही 'कुंपणच शेत खाते' ही म्हण ठाऊक असलेल्या माणसाला वसईच्या तहानंतर ती आठवली नसेल, असे मानणे कठीण. तैनाती फौज राखणीलाच तर आली होती. तो तह झाला ३१ डिसेंबर १८०२ रोजी; सनदेला त्या दिवशी २०२ वर्षे पुरी होत होती.

१८५८ मध्ये राज्यकारभार राणीच्या सरकारकडे गेला. भागधारकांची देणी चुकती झाल्यावर १ जून १८७४ रोजी ही कंपनी विसर्जित झाली. रायगडावरच्या त्या सोहळ्याला दोनशे वर्षे व्हायला पाच दिवस उरले होते.

शब्द मात्र मराठीत राहिला. सहा वर्षांनी अण्णासाहेब किर्लोस्करांची नाटक मंडळी उभी राहिली. पाटीवर 'मंडळी' असले तरी लोकांच्या बोलण्यात अशा संस्था 'नाटक कंपनी'च होत्या. गावोगाव मुक्काम पडे, एका बिऱ्हाडात नट, साजिंदे, पडदे ओढणारे सारे उतरत, आचारी बरोबर असे आणि प्रयोग आटोपल्यावर सगळ्यांची पाने एकाच पंगतीत मांडली जात.