डोंगरउताराची रेड वाइन

आमच्या संग्रामपुरात ‘संत्रा’ शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक सातपुड्याच्या पायथ्याच्या बागेतला, दुसरा देशी दारूच्या बाटलीतला. माझा काका दुसऱ्या संत्र्यामागे गेला आणि घरची दोन एकर काळी जमीन त्याच्यामागे गेली. त्यामुळे दारूला चव असते, हे आमच्या घरात कुणी कधी बोललंच नाही. मला ते कळलं नोकरीसाठी नाशिकला आल्यावर, दिंडोरीकडच्या एका शिराझमुळे.

शिराझ ही काळ्या द्राक्षाची जात. गंमत म्हणजे बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस जवळपास बिनरंगाचा असतो. लाल रंग येतो सालीतून. म्हणून रेड वाइनसाठी रस सालीसकट आंबवतात. सालीतून रंगासोबत टॅनिन उतरतं. बिनदुधाचा कडक चहा पिल्यावर जीभ आखडते ना, तोच तुरटपणा.

आणि इथे उंचीचा संबंध येतो. नाशिकचं पठार समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर आहे. थंडीच्या दिवसांत दुपारी चटका, पहाटे हुडहुडी. उन्हात द्राक्षात साखर भरते, गार रात्री आंबटपणा टिकवून धरतात. उतारावरची मुरमाड जमीन वेलीचे लाड करत नाही. मणी बारीक राहतात, म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त. अर्जेंटिनात अँडीजच्या पायथ्याशी 1000 मीटरच्या वर माल्बेक पिकतं, तिथेही गार रात्रीच कामाला येतात. शिराझला काळ्या मिरीचा जो वास येतो, तो रोटंडोन या द्रव्याचा. थंड जागेत ते जास्त तयार होतं.

पण सगळं श्रेय डोंगराचं नाही. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते, आपल्याकडे झोपत नाही. म्हणून शेतकरी दोनदा कात्री चालवतो: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी. तेव्हा कुठे जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी होते.

हे सगळं मला मनापासून आवडतं. तरीही जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय झाला आणि ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असं काही नेते म्हणू लागले, तेव्हा मला काकू आठवली. दारूचं दुकान बंद करण्यासाठी आडव्या बाटलीला मत द्यायचं असतं, हे मला शाळेच्या पुस्तकाआधी तिने शिकवलं होतं.

ती एकदा नाशिकला आली. टेबलावरची बाटली बघून म्हणाली, “बाबू, याच्यात नशा हाय का?”

“हाय. तेरा-चौदा टक्के.”

“मंग दारूच होय.”

“हो काकू, दारूच.”

तिने ग्लास नाकाशी नेला. “वास मात्र जांभयासारखा येते रे,” म्हणाली, आणि ग्लास माझ्याकडे सरकवला.

त्या रात्री मी तो प्यायलो नाही. पुढच्या आठवड्यात प्यायलो, आवडीने, एकच. वाइनची चव सांगताना मी आता दिंडोरीची माती सांगतो, गार पहाट सांगतो, छाटणी सांगतो. आणि कुणी विचारलं, तर काकूची दोन एकरही सांगतो.