वही कुठं आहे?

आमच्या कचेरीतल्या संगणकांना पत्ते वाटायचं काम डीएचसीपी सर्व्हर करतो. १९९३ साली निघालेली ही पद्धत. पत्ता कायमचा नाही हं! भाड्यानं, ठरावीक मुदतीचा. निम्मी मुदत सरली की संगणक आपणहून म्हणतो, "मालक, मुदत वाढवता का?" असा भाडेकरू उभ्या महाराष्ट्रात मिळायचा नाही. कोणाला कुठला पत्ता कधीपर्यंत दिला, हे सर्व्हर आपल्या वहीत टिपून ठेवतो.

या सगळ्याची देखभाल माझ्याकडे. दूरदृष्टी म्हणून मी एक बदली सर्व्हरही तयार ठेवला होता. ऐन पगाराच्या आदल्या दिवशी मुख्य सर्व्हरचा वीजपुरवठ्याचा भाग जळाला. मी ऐटीत बदली गडी उभा केला. साहेबांनी खूश होऊन चहा मागवला. चहा यायच्या आत बोंब उठली.

बदली गड्याकडे वहीच नव्हती! त्याच्या लेखी सगळा वाडा रिकामा. लॉजच्या नव्या मॅनेजरनं कोरं रजिस्टर पाहून बारा नंबरची खोली नव्या पाहुण्याला द्यावी आणि आत जुना पाहुणा अंगाला साबण लावून उभा असावा, तसं झालं. पगारपत्रकाचा संगणक आणि साहेबांच्या पाहुण्याचा मोबाइल एकाच पत्त्यावर! पत्ता देण्याआधी सर्व्हर दार ठोठावून बघतो, नाही असं नाही. पण परक्याच्या थापेला 'ओ' द्यायची नाही, अशाच शिस्तीत काही संगणक वाढलेले असतात.

शेवटी जुन्या सर्व्हरची डिस्क काढली, वही नव्याकडे उतरवली, भांडणारे संगणक बंद करून पुन्हा चालू केले. पगार झाले, चहा मात्र निवला. पुढं मी दोन्ही सर्व्हरांत पत्त्यांची वाटणीच करून टाकली. थोरल्याचे पत्ते वेगळे, धाकट्याचे वेगळे. वाटणी वेळेवर झाली की भावाभावांत तंटा नाही.

रात्री हा पराक्रम बायकोला सांगितला. ती म्हणाली, "त्यात नवल काय? मी आठ दिवस आईकडे गेले, तेव्हा तुम्ही दूधवाल्याला दोनदा पैसे दिलेत आणि गॅसवाल्याला परत पाठवलंत. जाताना विचारलंत का, वही कुठं आहे?"

"कुठं आहे?"

"डोक्यात!"

म्हणजे तीस वर्षांच्या संसाराची एकुलती एक प्रत, आणि तीही रक्तदाबाच्या गोळीवर चालणारी! मी काही बोललो नाही. कोरी वही आणि पेन्सिल घेतली आणि तिच्यासमोर जाऊन बसलो.